रिलेची दातखीळ

गुरुवार, १४ नोव्हेंबर २०२४, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. मागच्या खोलीतल्या टेबलावर, लोखंडी जाळीवर आडवी ठेवलेली इस्त्री एक हजाराव्यांदा चालू झाली, एक हजाराव्यांदा बंद झाली आणि शेजारच्या मोजणीयंत्राचा आकडा स्थिरावला. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि समाधानाने हात चोळले.

“झाली का शिकवणी?” दारातून त्यांच्या पत्नीने विचारले. “दोन दिवस इस्त्री तुमच्या ताब्यात आहे. हजार वेळा तापली, पण एक रुमाल सरळ झाला नाही.”

“परीक्षा रिलेची होती. इस्त्री नुसती भार म्हणून जोडली होती.”

“भार म्हणूनच ना? मग आणा इकडे. या घरातला भार शेवटी माझ्याकडेच येतो.”

मास्तरांनी तंत्रनिकेतनातल्या विद्युत यंत्रांच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षे शिकवले होते. विद्यार्थ्यांनी त्यांचे नाव ‘मेगर’ ठेवले होते. मेगर हे तारेच्या आवरणाचा कस पाहणारे उपकरण. त्याचा दांडा फिरवला की आवरणातली बारीकशी चीरही लपून राहत नाही. हे नाव पहिल्याच वर्षी त्यांच्या कानावर आले होते आणि वरकरणी कपाळाला आठी घालून ते मनातून खूश झाले होते. तपासल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून काहीही उठत नसे. मुलीचे लग्न ठरवतानाही त्यांनी जावयाच्या घरी जाऊन आधी मीटरजवळचे अर्थिंग पाहिले होते, असे त्यांची पत्नी चारचौघांत सांगत असे आणि ते खरे होते.

या रिलेचा डबा त्याच घरी बसवायचा होता. मास्तरांचे व्याही निवृत्त दंतवैद्य. हात कापू लागल्यावर त्यांनी दवाखाना बंद केला. त्यांची पत्नी त्याआधीच वारली होती. त्यानंतर त्यांच्या दिवसाला आकार होता तो एकाच खोलीचा. तिथे त्यांची गाणी ऐकण्याची यंत्रणा होती : एक तबकडीयंत्र, माणसाच्या छातीइतके उंच दोन स्पीकर, आणि जमिनीलगतच्या फळीवर दोन अँप्लिफायर, एकेक इतका जड की दोघांशिवाय हलू नये. उन्हाळ्यात त्यांच्या खुब्याचे हाड बदलले आणि डॉक्टरांनी वाकायला सक्त मनाई केली. अँप्लिफायरची बटणे मात्र पाठीमागे, गुडघ्याच्याही खाली होती, आणि भिंतीवरचा प्लग मांडणीच्या आड. तेव्हापासून अँप्लिफायर चालू करायचे म्हणजे कुणाला तरी हाक मारायची आणि बंद करायचे म्हणजे बहुधा विसरायचे, असा क्रम पडला. सप्टेंबरात ते दोन दिवस दवाखान्यात तपासणीला राहिले, तेव्हा अँप्लिफायर तसेच चालू राहिले, त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून घातलेल्या कापडासकट. सुनेला वास आला तेव्हा कापडाचा मधला भाग चॉकलेटी झाला होता.

ती सून म्हणजे मास्तरांची मुलगी. ती विमा कंपनीत होती; आग लागलेल्या घरांत जाऊन आग कुठून निघाली हे ठरवणे हे तिचे काम. ते कापड तिने नाकाशी धरले, घडी घातली आणि सासऱ्यांच्या पुढ्यात ठेवले.

“अप्पा, भिंतीपलीकडे तुमची नात झोपते,” ती म्हणाली होती. “वर्षअखेरपर्यंत खुर्चीत बसल्या बसल्या, खात्रीने बंद होईल अशी काहीतरी सोय करा. नाहीतर एकतीस डिसेंबरनंतर ही दोन्ही धुडं या घरात नकोत. तुमचे ते गाणीवेडे मित्र टेंपोत घालून घेऊन जायला तयारच आहेत.”

दंतवैद्यांचा मुलगा परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येणारा. त्याने फोनवर “ती म्हणते ते बरोबर आहे, अप्पा” एवढेच सांगितले आणि हात झटकले. मग काम आपोआप मास्तरांकडे आले.

खुर्चीपर्यंत विजेची मोठी तार ओढून तिथे बटण बसवणे सोपे होते, पण जिथे चार वर्षांची नात रांगोळी काढावी तसे खडू पसरते आणि जिथे काठी टेकत म्हातारा माणूस चालतो, त्या जमिनीवरून घरातली वीज न्यायला मास्तर आणि त्यांची मुलगी दोघेही तयार नव्हते. रिले त्यासाठीच असतो. खुर्चीपाशी बारा व्होल्टचे इवलेसे बटण. त्या तारेला ओल्या बोटाने हात लावला तरी काही होणार नाही. ते दाबले की भिंतीजवळच्या डब्यातला रिले आपल्या चुंबकाने एक पट्टी ओढतो, पट्टीवरच्या चांदीच्या टिकल्या समोरच्या टिकल्यांवर टेकतात आणि मोठी वीज वाहू लागते. बटण बंद केले की स्प्रिंग पट्टी मागे खेचते. दोन विजा एका डब्यात राहूनही एकमेकींना भेटत नाहीत.

मास्तरांनी रिले निवडला तो सगळ्या बाजूंनी विचार करून. गाणे चालू असताना दोन्ही अँप्लिफायर मिळून जेमतेम दोन अँपिअर वीज घेत. रिले सोळा अँपिअरचा होता. लहान आणि मोठ्या विजेच्या मधले अंतर आठ मिलिमीटर. एकाच पट्टीवर टिकल्यांच्या दोन जोड्या, म्हणजे बंद करताना दोन्ही तारा तुटाव्यात. डब्यावर एक लाल दिवा. आणि इस्त्री चारहून अधिक अँपिअर घेते, म्हणजे प्रत्यक्षाच्या दुप्पट भारावर हजार वेळा परीक्षा. याहून जास्त काही करता येईल असे त्यांना वाटले नाही.

रविवारी डबा बसला. दंतवैद्य नवा शर्ट घालून बसले होते.

“व्याहीबुवा, तुम्ही माझ्यासाठी एवढा खटाटोप करायचा म्हणजे—”

“अहो, खटाटोप कसला! घरचंच काम.”

“घरचं कसलं, तुमचे दोन दिवस गेले. सूनबाई सांगत होती, विहीणबाईंची इस्त्रीसुद्धा—”

“इस्त्री परत केली. दाबा तुम्ही.”

दंतवैद्यांनी बटण दाबले. डब्यात ‘टक’ झाले, लाल दिवा लागला आणि खोलीत एक बाई गाऊ लागली. मास्तर त्या वेळी मांडणीमागे ओणवे होऊन स्क्रू आवळत होते. छतावरचा दिवा त्या क्षणी डोळा मिचकावल्यासारखा मंद होऊन पुन्हा उजळला, हे त्यांना दिसले नाही. मुलीला दिसले, पण ते अँप्लिफायर चालू होताना नेहमीच होई, तेव्हा त्यात सांगण्यासारखे काय?

पुढचे दोन-तीन आठवडे मास्तर अधूनमधून फोन करून विचारत, “डबा कसा आहे?” आणि पलीकडून भरघोस उत्तर येई, “उत्तम! अगदी उत्तम.”

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मुलीचा फोन आला.

“बाबा, या. येताना मीटर आणा.”

“काय झालं?”

“या म्हटलं ना.”

हा आवाज मास्तरांना ओळखीचा होता. घरात तो त्यांच्या पत्नीचा होता.

खोलीत दंतवैद्य खुर्चीत बसले होते, शाळेत वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलासारखे. काठी मांडीवर आडवी. मुलीने ती काठी उचलून वडिलांच्या हातात दिली.

“मूठ बघा.”

काठीच्या वाकड्या मुठीचा रंग आतल्या बाजूने खरवडला गेला होता.

“आता प्लग बघा.”

मांडणीआडच्या प्लगच्या मानेशी तारेचे आवरण ताणून पांढरे पडले होते. भिंतीवर प्लगच्या खाली, मुठीच्या रंगाचे चार-पाच ओरखडे.

“काल मी लवकर घरी आले,” मुलगी म्हणाली. “अप्पा एक गुडघा टेकून जमिनीवर. नवीन खुबा घेऊन. काठीच्या मुठीत तार अडकवून प्लग उपसत होते. विचारलं तर म्हणतात, व्यायाम करतोय.”

“अगं, व्यायामच झाला तो,” दंतवैद्य पुटपुटले.

“अप्पा.”

“बरं. सांगतो.” त्यांनी घसा साफ केला. “बटण बंद केलं की दिवा विझतो. पण स्पीकरमधली ती बारीक घरघर जात नाही. पहिल्यांदा वाटलं, कानांचा दोष. आयुष्यभर ड्रिल ऐकलंय. मग हात लावून पाहिला. अँप्लिफायर गरम. म्हणजे तुमचा दिवा म्हणतो बंद, आणि अँप्लिफायर म्हणतात चालू.”

“कधीपासून?” मास्तरांनी विचारले.

“आठ-दहा दिवस.”

“मी मध्ये दोनदा फोन केला होता.”

“हो.”

“तुम्ही म्हणालात, उत्तम.”

“अहो, मग काय म्हणणार?” दंतवैद्यांचा आवाज एकाएकी चढला. “हजार वेळा तपासलेला डबा! आणि आम्ही पडलो मुलाकडचे. मुलाकडच्यांनी तोंड उघडलं की ते टोचून बोलणं होतं. लग्नात तुमच्याकडच्या कॉफीत साखर नव्हती, तीसुद्धा मी दोन कप प्यायलो होतो.”

मास्तरांनी हातातली काठी खाली ठेवली. “साखर नव्हती?”

“एक दाणा नव्हता.”

“झालं?” मुलगी म्हणाली. “तुमच्या दोघांच्या सभ्यपणात माझं घर जळायचं तेवढं राहिलं. बाबा, तारीख तीच. एकतीस. पुढच्या वेळी मी स्वतः तपासणार, आणि एकदा जरी बंद करताना बंद झालं नाही, तर ते मित्र दुसऱ्या दिवशी टेंपो घेऊन येतील. अप्पा, चालेल?”

दंतवैद्यांनी मान हलवली. त्यांची नजर तबकड्यांच्या फडताळावर होती.

मास्तरांनी प्लग काढला, डबा उघडला आणि रिले खाचेतून उपसला. त्याच्यावरचे पारदर्शक टोपण त्यांनी पात्याने सोडवले. चुंबकात वीज नव्हती, स्प्रिंग ताणलेली होती, तरी पट्टी खाली ती खालीच.

“जरा इकडे.” दंतवैद्यांनी खणातून आपला जुना भिंगांचा चष्मा काढला, कापत्या हातांनी नाकावर चढवला आणि रिले मास्तरांनाच उजेडात धरायला लावला. “डावीकडची वरची आणि खालची, दोन्ही एकमेकींत रुतल्यात. मधे वितळून थेंब झालाय. दातखीळ बसली आहे हो याची.”

“आणि दोन्ही जोड्या एकाच पट्टीवर,” मास्तर हळू म्हणाले. “एकीला दातखीळ बसली, तर दुसरीला उघडता येत नाही.”

त्यांनी नखाने पट्टी उचकली. सुईच्या टोकाइतका आवाज होऊन ती सुटली. चांदीवर खड्डा पडला होता. दोन अँपिअर विजेने असा खड्डा पडत नाही. इस्त्रीनेही नाही.

“अँप्लिफायरचा प्लग सरळ भिंतीत घाल आणि चालू कर,” त्यांनी मुलीला सांगितले. या वेळी ते मांडणीमागे नव्हते. खोलीच्या मध्यावर उभे होते. छतावरचा दिवा डोळा मिचकावून उजळला.

“हे असं होतं?”

“नेहमीच होतं,” मुलगी म्हणाली.

मास्तर खुर्चीच्या हातावर टेकले. अँप्लिफायरच्या पोटात कडबोळ्यासारखा गोल, मोठा ट्रान्सफॉर्मर असतो. थंड पडलेल्या ट्रान्सफॉर्मरला वीज मिळाली की पहिल्या क्षणी, डोळ्याची पापणी लवायच्याही आत, तो नेहमीच्या चाळीस-पन्नास पट वीज ओढतो आणि मग सभ्य माणसासारखा शांत होतो. दोन असले तर शंभर अँपिअरच्या आसपास. सोळाच्या रिलेची टिकली त्या झटक्यात वितळते, आणि वितळलेल्या अवस्थेत दाबलेली राहिली की जोडली जाते. हे मास्तरांना ठाऊक होते असे म्हणणे कमी पडेल. प्रयोग क्रमांक नऊ. दरवर्षी काटा एकदम टोकाला आपटलेला पाहून मुले दचकत आणि मास्तर खडूने फळ्यावर तो उंच सुळका काढत. पण अँप्लिफायर म्हणजे ट्रान्सफॉर्मर हे त्यांच्या मनात आलेच नाही. त्यांच्या मनात ती गाण्याची पेटी होती, हौसेची वस्तू. आणि हौसेच्या वस्तूला घरगुती इस्त्रीचा भार पुष्कळ झाला, असे त्यांनी न तपासता धरले होते. इस्त्री प्रामाणिक असते. पहिल्या क्षणी मागते तेवढेच शेवटपर्यंत मागते.

“इस्त्रीच्या जागी हे असायला हवं होतं,” ते म्हणाले. “आणि दिवाही चुकीच्या जागी आहे. तो बटणाच्या तारेवर आहे. तुम्ही हुकूम दिलात एवढंच तो सांगतो. हुकूम पाळला गेला की नाही, हे त्याला माहीत नाही.”

“म्हणजे आमच्या खात्यातल्या वरिष्ठांसारखा,” मुलगी म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा थोडीशी हसली.

दुसऱ्या दिवशी मास्तर सुट्या भागांच्या दुकानात गेले. दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी. अजूनही त्यांना पाहून पाय खाली घेणारा.

“सर, टकटक करणारे रिले आता कोण घेतं? हा घ्या, घन अवस्थेतला. हलणारा भागच नाही. टिकली नाही, ठिणगी नाही, आवाज नाही. दातखीळ बसायला दात तरी हवेत ना?”

मास्तरांनी तो तळहातावर घेतला. काड्यापेटीएवढा, गुळगुळीत, दिसायला निर्दोष. त्यांना मोह झाला. हा घेतला तर पुन्हा कुणी भिंगातून पाहून काही दाखवू शकणार नव्हते. ते गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसले आणि सोबतचा माहितीचा कागद त्यांनी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. चौथ्या परिच्छेदाशी ते थांबले.

“हा विजेची लाट शून्यावर असताना जोडतो.”

“हो ना, सर. सगळ्यात हळुवार क्षण.”

“इस्त्रीला. ट्रान्सफॉर्मरला तो सगळ्यात वाईट. शून्यापासून सुरुवात केली की त्याच्या लोखंडातलं चुंबकत्व दुपटीपर्यंत चढतं. प्रयोग नऊ, शेवटचा प्रश्न. तुम्ही तो सोडला होता.”

दुकानदाराने कानाची पाळी चोळली. “अजून लक्षात आहे, सर?”

“पुढे. हा बंद असतानाही थोडी वीज झिरपू देतो. आणि मेला तर बहुधा चालू अवस्थेतच मरतो. मला बंद अवस्थेत मरणारा हवा आहे.” त्यांनी तो काउंटरवर ठेवला. “रस्त्यावरच्या मोठ्या दिव्यांसाठी येतात ते रिले दाखवा. ज्यांची पुढची टिकली टंगस्टनची असते.”

असे रिले होते. पहिला झटका टंगस्टनची कठीण टिकली सोसते, आणि मग चांदीची टिकली टेकते. एकशेसाठ अँपिअरचा झटका सोसण्याची हमी कागदावर होती. मास्तरांनी तसे तीन घेतले आणि नुसत्या हमीवर विसंबले नाहीत. नव्या डब्यात त्यांनी दोन तारांना दोन स्वतंत्र रिले दिले, म्हणजे एकाला दातखीळ बसली तरी दुसरा आपले तोंड उघडेल. शिवाय वाटेत एक जाड रोधक घातला. बटण दाबले की वीज आधी त्या रोधकातून, गर्दीला अरुंद दारातून सोडावे तशी जाईल. अर्ध्या सेकंदाने तिसरा रिले मोठे दार उघडेल. म्हणजे आता ‘टक’ एकदा नव्हे, दोनदा. तिसरा रिले लागलाच नाही तर तापून रोधक पेटू नये म्हणून त्याला चिकटवून तापमानाचा फ्यूज. आणि लाल दिवा बाहेर जाणाऱ्या तारेवर.

डबा रंगवायला घरात एकच रंग होता, बाल्कनीच्या कठड्याचा.

शनिवारी, अठ्ठावीस डिसेंबरला, चाचणी सुरू झाली. मास्तरांना हजार वेळा हवे होते. “माझ्या अँप्लिफायरचे हाल कराल,” असे दंतवैद्य म्हणणार होते, पण त्यांनी “तुम्ही म्हणाल तसं” म्हटले. मग मुलीनेच दोनशे हा आकडा ठरवला. दोन वेळांच्या मध्ये रोधक निवायला एक मिनिट. दंतवैद्य बटणावर, मुलगी मीटरवर, मास्तर डब्यापाशी जमिनीवर मांडी घालून.

“चालू.”

टक. टक. दिवा लागला. छतावरचा दिवा या वेळी जागचा हलला नाही. मास्तरांनी मान वर करून तो मुद्दाम पाहिला.

“बंद.”

“शून्य,” मुलगी म्हणाली.

असे तासभर चालले. नात दारातून डोकावून “हे काय खेळताय?” विचारून गेली आणि “शून्य-शून्य” असे उत्तर मिळाल्यावर तिला तो खेळ कंटाळवाणा वाटला. एकसष्टाव्या वेळी दंतवैद्यांची भुवई वर गेली. बासष्टाव्या वेळी त्यांनी डोके तिरपे केले. त्रेसष्टाव्या वेळी मीटरवर शून्य होते, दिवा विझलेला होता, सगळे ठीक होते आणि मुलीने “पुढे” म्हटले. दंतवैद्यांनी बटण दाबले नाही.

“काय झालं, अप्पा?”

त्यांनी अँप्लिफायरकडे पाहिले, फडताळाकडे पाहिले, मग जमिनीवर बसलेल्या व्याह्यांच्या टकलाकडे. मीटरवर शून्य आले होते. अट मोडली असे कुणीही म्हणू शकले नसते. एकशेसदतीस वेळा गप्प राहायचे, की झाले.

“व्याहीबुवा,” ते म्हणाले, “तुमच्या डब्यात खोट आहे.”

मास्तरांनी मान वर केली. मुलीने मीटर खाली ठेवला.

“पहिल्या टकनंतर दुसरा यायला लागतो तो वेळ. आधी सारखा होता. मघापासून लांबतोय. आता तर एक अख्खी मात्रा उशिरा आला.”

“मला नाही ऐकू आलं.”

“तुम्ही गाणं ऐकत नाही. पुन्हा दाबू?”

त्यांनी दाबले. टक. मास्तरांनी या वेळी डोळे मिटले होते. दुसरा टक आला, पण जिना उतरताना एक पायरी जास्त निघावी तसा.

मास्तरांनी प्लग काढला. टॉर्च दाताखाली धरून ते डब्यात वाकले आणि पाच मिनिटे उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. वेळ मोजणाऱ्या भागाच्या एका पायाचा सांधा कच्चा होता. कथील नीट वितळले नव्हते. तो डाग त्यांनी स्वतः मारला होता.

“आणखी काही दिवसांनी तिसरा रिले लागलाच नसता,” ते म्हणाले. “रोधक तापत राहिला असता. फ्यूज उडाला असता, कदाचित.”

“कदाचित,” मुलगी म्हणाली.

दंतवैद्यांनी काठी मांडीवरून उचलून दोन पायांमध्ये उभी धरली. “टेंपोवाल्याला सांगून टाक,” ते सुनेला म्हणाले. “तू म्हणाली होतीस, एकदा जरी—”

“मी म्हणाले होते, बंद करताना बंद झालं नाही तर. बंद झालं. त्रेसष्ट वेळा मीच वाचलंय.” तिने वडिलांकडे पाहिले, मग सासऱ्यांकडे. “आणि आता या घरात खोट असली तर ती सांगणारं माणूस आहे. ते महिन्याभरापूर्वी नव्हतं. बाबा, तो डाग पुन्हा मारा. मोजणी पहिल्यापासून.”

मास्तरांनी डाग पुन्हा मारला आणि भिंगाचा चष्मा मागून घेऊन उरलेले सगळे सांधे एकेक करून पाहिले. दोन संशयित वाटले. तेही पुन्हा केले. शनिवारी वेळ उरला नाही. रविवारी शंभर झाले. सोमवारी मुलगी कामावर गेली. उरलेले शंभर मंगळवारी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी जेवण उरकून सुरू झाले. दंतवैद्य दर वेळी डोळे मिटून दोन टक ऐकत आणि बोटाने खुर्चीच्या हातावर ठेका धरत. दर वेळी मास्तर त्यांच्या तोंडाकडे पाहत, विद्यार्थी परीक्षकाकडे पाहतो तसे. एकशेनव्वदच्या पुढे त्यांनीही डोळे मिटून पाहिले, आणि त्यांना ते अंतर ऐकू येऊ लागले असे त्यांना वाटले. खात्री मात्र देता आली नसती.

शेवटच्या वेळी बटण बंद झाले. दिवा विझला. स्पीकरमधली घरघर क्षणभर मागे रेंगाळली आणि गेली. दंतवैद्यांनी कान देऊन ती जाताना ऐकली.

“व्याहीबुवा, आता एक स्पष्ट सांगू का?” ते म्हणाले.

“सांगा.”

“डब्याचा रंग भयंकर आहे.”

“कठड्याचा आहे तो.”

“कठड्यावरसुद्धा भयंकर दिसत असेल.”

“दिसतो,” मुलगी म्हणाली. “आई दहा वर्षं सांगतेय.”

मास्तर उठले, गुडघे चोळले आणि मित्राला फोन करून टेंपो नको म्हणून कळवायला त्यांनी व्याह्यांचा फोन त्यांच्याच हातात दिला. मग पत्नीला फोन लावून त्यांनी कॉफीच्या साखरेबद्दल विचारले. पलीकडून उत्तर आले ते असे : “तेव्हा का नाही बोलले ते?”

मुलीने मीटरच्या तारा गुंडाळल्या आणि निकाल मोठ्याने वाचला.

दोनशे वेळा चालू, दोनशे वेळा बंद. चिकटले : शून्य.